पान हरवलं, कादंबरी झाली

९ जून, सकाळ

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

सुरुवातीला खुशाली कळवायची असते, म्हणून कळवते. छप्पर गळत नाही, पुस्तकं दाबायच्या शिकंज्याचा स्क्रू नवा बसवला, माझा खांदा अधूनमधून दुखतो. बाबांच्या तब्येतीचं पुढे लिहिते.

तुझी कादंबरी पोचली. तू पाठवली नाहीस तरी पोचली. वाचनालयाने फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा बांधणीला पाठवला, त्यात तुझ्या अकरा प्रती निघाल्या. एवढी वाचली गेली म्हणून फुगून जाऊ नकोस. तुझ्या प्रकाशकाने पाठीला खळ लावताना हात आखडता घेतलाय, पुस्तक दोनदा उघडलं की पानं हातात येतात. शिवाय अकरापैकी सात प्रती पान दोनशेपर्यंत मळलेल्या आहेत आणि पुढे कोऱ्या करकरीत. वाचक कुठे कंटाळला हे आम्हा बाइंडरांना कोणी सांगावं लागत नाही.

जे शेवटपर्यंत गेले त्यांनी समासात पेन्सिली झिजवल्यात. एकीने लिहिलंय, ‘आज माझे डोळे उघडले.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात, ‘मग आता हे मिटा.’ एका भाविकाने प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तुला शाप दिलाय, न चुकता, म्हणजे त्याने एकही प्रकरण सोडलेलं नाही. एकजण म्हणतो लेखकाने जिवावर उदार होऊन सत्य सांगितलं. दुसरा म्हणतो लेखकाला कान धरून उभं करा. पान एकशे दहावर दोघांचं भांडण इतकं वाढलंय की तुझा मजकूर वाचायला जागा उरलेली नाही. त्या पानाचं त्यामुळे काही नुकसान झालं असं मला वाटत नाही.

मीही वाचली, अथपासून इतिपर्यंत. सात साधू, मठाखालचं भुयार, हजार वर्षं दडवलेलं एक पान, ते बाहेर आलं तर म्हणे जगातला धर्म पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळेल. साधू एकमेकांशी बोलतात ते वकिलाच्या नोटिशीसारखं. बाइंडरच्या आरीने तीन खून होतात. अरे, तुझं बालपण या टेबलाखाली गेलं. आरीने फार तर बोटातून रक्त येतं. तीन खून करायला आमच्या आरीला धार लावून लावून म्हातारपण येईल.

आणि तुझा तो बाइंडर. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग, एका डोळ्याने अधू, वागायला गरीब आणि पोटात काळं. ग्रंथातलं पान चोरून गुप्त मंडळाच्या हवाली करणारा. बाबांचा डाग तरी डाव्या अंगठ्यावर हलवायचास. एवढे कष्टही तुझ्याने झाले नाहीत.

नवव्या प्रतीत त्या बाइंडरच्या वर्णनाशेजारी कोणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘हा अजून जिवंत आहे.’ आणि खाली आपला पत्ता. मी रबराने खोडला, पण तोवर ती प्रत चाळीस घरं फिरून आली होती.

मार्चपासून माणसं येताहेत. त्यांचेही दोन पक्ष आहेत. एक पक्ष बाबांच्या पाया पडतो, ‘सत्य तुम्ही जपलंत, एकदा त्या पानाचं दर्शन घडवा’ म्हणतो. दुसरा दारावर थुंकतो. मला विचारशील तर थुंकणारे बरे, ते लवकर जातात. पाया पडणारे स्टुलावर ठाण मांडतात आणि जाताना रद्दीचे तुकडे खिशात घालून नेतात.

एप्रिलमध्ये इथल्या मठाने दुरुस्तीला दिलेले पाचही ग्रंथ परत मागवले. ग्रंथपाल स्वतः आले होते, जुने नव्हेत, त्यांच्या जागी आलेले तरुण. फार अदबीने बोलले. ‘आमचा तुमच्यावर विश्वास आहे, पण लोक विचारतात हो.’ बाबांनी पाचही ग्रंथ कापडात बांधून दिले, गाठी स्वतः मारल्या. दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन तुझी कादंबरी वाचायला बसले. नऊ दिवस लागले त्यांना. संपली तेव्हा मला एवढंच म्हणाले, “त्याला खरंच असं वाटतं का गं?”

त्या दिवसापासून ते टेबलावर बसेनासे झाले. जेवायचे, फिरून यायचे, हातात काही धरायचे नाहीत. तब्येतीचं पुढे लिहिते म्हटलं होतं, ते हे.

आता तू म्हणशील, ताई, पान खरंच हरवलं होतं ना? हो, हरवलं होतं. बारा वर्षांपूर्वी मठाचा मोठा ग्रंथ आपल्याकडून एक पान कमी होऊन परत गेला. जुन्या ग्रंथपालांनी विषय वाढवला नाही. बाबा आठवडाभर कपाटं उपसत होते आणि तू दारात उभा राहून बघत होतास.

इथवर मी तुला झोडपलं, त्यात मला बरं वाटत होतं. आता पुढचं लिहिते, ते बरं वाटण्यासारखं नाही.

आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. कामाचं पान उजव्या तबकात, रद्दी डाव्या तबकात. बाबा न बघता हात घालतात तो त्याच भरवशावर. त्या वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धूसर. म्हणून मी शेजारची जागा सोडून त्यांच्या समोर बसायला लागले, म्हणजे त्यांचे हात मला दिसावेत. ग्रंथातलं एक सुटं पान, कड फाटलेलं, मी दुरुस्त केलं आणि उजव्या तबकात ठेवलं. माझ्या उजव्या. समोर बसलेल्या बाबांच्या ते डावीकडे आलं. त्यांनी रद्दी म्हणून उचललं, खळ लावली आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून अस्तर म्हणून चिकटवलं. वरून कोरा कागद चढला, ग्रंथ शिकंज्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या उजव्या तबकात रद्दीचा कागद बघितला आणि मला सगळं कळलं. पुठ्ठा तेव्हा नुकताच वाळला होता. सांगितलं असतं तर तासाभराचं काम होतं.

नाही सांगितलं. चाळीस वर्षांत ज्याने मठाची चिठ्ठीसुद्धा हरवली नव्हती, तो बाइंडर आता आंधळा झाला, असं लोक म्हणतील म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला बजावत आले. खरं हे की मला माझी लाज वाटली. मग दिवस गेले, वर्षं गेली, आणि न सांगणं हीच सवय झाली. तेव्हा तू मला विचारलं होतंस, “ताई, पान गेलं कुठे?” मी खाली मान घालून शिवण घालत म्हणाले, “बाबांना विचार.” तुझ्या कादंबरीचं बी मीच पेरलं. तू त्याला सात साधूंचं खत घातलंस.

त्या पानावर काय होतं तेही ऐक. दुरुस्त करताना मी वाचलं होतं. कोठारातल्या धान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं, याच्या सूचना. जगातला धर्म त्याने कोसळणार नाही. किडे मात्र मरतील.

परवा दुपारी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावतील म्हणून मी उभी राहूनच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “खळ गव्हाचीच होती ना?” हो म्हटलं. “मग वाफेवर सुटेल,” म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. आम्ही तसेच मठात गेलो. तरुण ग्रंथपालांसमोर मी बोलले, बाबांना एक शब्द बोलावा लागला नाही. येत्या रविवारी सकाळी पुठ्ठा उघडायचा आहे, मठातच, सगळ्यांसमोर. सुरी माझ्या हातात, पान सोडवणार बाबा. आठ आठवड्यांनी काल ते टेबलावर बसले, रद्दीवर हाताचा सराव करत होते. हात कडेवरून सरकत नाही.

हे पत्र पाठवण्याआधी त्यांना वाचून दाखवलं. एकाच जागी त्यांनी मला थांबवलं, मी तुला ‘बाबांना विचार’ म्हणाले तिथे. मग म्हणाले, “तू त्याला सांगितलं होतंस. मग त्याने विचारलं का नाही?”

याचं उत्तर तुझ्याकडे असेल, तर रविवारी येऊन त्यांनाच दे. पत्राने कळवू नकोस, मी वाचून दाखवणार नाही.

तुझी आणि त्यांची, दोघांची अपराधी,
ताई