आधी तुम्ही जा, मागून मी येते

आये,

बाबांनी जाळ्याची गाठ चुकवली. तिथून सगळं सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगते. समुद्रावर जायचं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली, पण सकाळी पडवीत पाय पसरून बसायचं, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं आणि फाटलेलं भरायचं, हे काही सुटलं नाही. ऐंशीला टेकलेत, दिसतं कमी, तरी त्या कामाला त्यांना डोळे लागत नाहीत. लोक अजून जाळी आणून टाकतात, कारण म्हाताऱ्याची गाठ सरकत नाही म्हणतात. त्या दिवशी पडवी झाडायला म्हणून मी जाळं उचललं आणि बोट घातलं तिथे गाठ सुटली. तिच्या शेजारची सुटली. मग अख्खी ओळच हातात आली. "बाबा, ही काय गाठ मारलीत?" मी म्हटलं. त्यांनी वर बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अगो, चाय टाक." मला ते बाय म्हणतात, जन्मल्यापासून बायच. अगो म्हणजे तू. आणि तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली.

सगळ्यांचं उत्तर एकच, वय झालं. माझा नवरा म्हणाला, वय झालं. शेजारीण म्हणाली, आमच्या सासऱ्यांचं पण असंच झालेलं गो, वय. मुंबईहून धाकटा फोनवर म्हणाला, "ताई, वय झालंय त्यांचं, तू उगाच डोक्यात घेऊ नको." बोट पाणी घ्यायला लागली तर कोण म्हणतं का, जुनी झाली, घेऊ दे पाणी? ओढून वर घेतात आणि फळी कुठे सुटली ते बघतात. माणसाचंच तेवढं वय होतं. मग त्यांचा डावा पाय घासायला लागला. चप्पल मागे राहायची आणि ते पुढे. मी कुणाला विचारलं नाही, रिक्षा बोलावली आणि डॉक्टरकडे नेऊन बसवलं. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, कुठे पडले होते का, डोकं आपटलं होतं का? आपटलं होतं. मागच्या महिन्यात मोरीत घसरले होते, टेंगूळ आलं, हळद लावली, बसलं, विसरलो. डॉक्टर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळू झिरपतं, बाहेरून काही दिसत नाही, महिन्याने आतून दाबायला लागतं. तसं असेल तर काढता येतं, माणूस उठून चालायला लागतो. नाही काढलं तर जातो. पण आत बघितल्याशिवाय मी काय सांगू? स्कॅन करा, आजच.

मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना. कार्ड होतं आमच्याकडे. धाकट्याने बाबांचा मेडिक्लेम काढलाय, त्याचा हप्ता तो दर वर्षी न चुकता भरतो आणि दर गणपतीला घरी आला की न चुकता सांगतो. ते कार्ड मी देवघरात गणपतीपुळ्याच्या तसबिरीमागे ठेवलं होतं, म्हणजे दोन्ही रक्षण करणारे एका जागी. ते घेऊन रुबाबात मोठ्या इस्पितळाच्या खिडकीशी गेले. बाबांना बाकावर बसवलं. खिडकीतला मुलगा पोरसवदा, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने कार्ड उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, "मावशी, पेशंट भरती आहे की नुसता स्कॅन?"

"नुसता स्कॅन."

"मग कार्ड चालणार नाही. भरती असेल तरच चालतं."

"मग करा भरती. माझी ना नाही."

"पण काय झालंय म्हणून भरती करायचं?"

"अरे बाळा, तेच तर बघायचंय."

"नुसतं तपासायला भरती केलं तर कंपनी पैसे देत नाही, मावशी. आजार निघायला पाहिजे, त्यावर उपचार व्हायला पाहिजे."

"आणि आजार आहे का नाही ते कशात दिसतं?"

 बिचारा खोटं बोलणारा नव्हता. "स्कॅनमध्ये," म्हणाला.

माझ्यामागे रांगेत एक म्हातारी काठी टेकून उभी होती, ती मोठ्याने म्हणाली, "म्हणजे लग्न झाल्याबिगर वेड जाईत नाय, नि वेड गेल्याबिगर लग्न होईत नाय!" सगळी रांग हसली. खिडकीतला पण हसला. मी नाही हसले. मी वळून बाबांकडे बघितलं, तर ते बाकावर एका बाजूला कलंडलेले, हवेत बोटं फिरवत होते. जाळं भरत होते, आये. जाळं नव्हतंच हातात.

तिथे उभ्या उभ्या मला तुझं माहेर आठवलं. मी दहा-अकरा वर्षांची आहे, शाळा चौथीला सुटलेली, आणि तू मला हर्ण्याला संध्याकाळच्या लिलावाला घेऊन गेली आहेस. होड्या लागल्यात, वाळूत टोपल्या मांडल्यात, ओरडा एवढा की आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. तू मला म्हणतेस, आज बोली तू लाव. मला कोण आनंद. एका टोपलीवर असे चमचमते बांगडे, डोळे काचेसारखे. मी बोली लावते, टोपली माझी होते, आणि मी तुझ्याकडे बघते शाबासकीसाठी. तू येतेस, टोपलीत कोपरापर्यंत हात घालतेस आणि खालचे दोन मासे काढून माझ्या नाकाखाली धरतेस. तो वास मी अजून विसरले नाही. मामी, आजी, सगळा बाजार बघतोय आणि तू म्हणतेस, "वरचा मासा जगात कोणीपण चांगलाच दाखवतो. आत हात घाल, भवाने. आत हात घातल्याशिवाय तोंड उघडायचं नाय." मी रडले तर रडायला पण दिलं नाहीस. ती टोपली मलाच डोक्यावर घेऊन चालायला लावलीस. त्या दिवसापासून मी कुणाच्या वरच्या माशाला भुलले नाही. धंदा केला तो त्या एका वाक्यावर केला.

म्हणून तर तुझा राग येतो मला. आज सांगतेच. अख्ख्या जगाच्या टोपलीत हात घालायला शिकवलंस आणि स्वतःची टोपली झाकून बसलीस. बरगडीखाली दुखायचं तुला. चुलीपुढे बसलीस की उजवा हात तिथे दाबून धरायचीस आणि डाव्या हाताने भाकरी फिरवायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, गॅस. डॉक्टर म्हणाला होता, कोल्हापूरला जाऊन आतला फोटो काढून या. तू त्याला काय म्हणालीस? "माज्या पोटात काय बांगडे हायत बघायला?" सगळे हसले, तू पण हसलीस, आणि विषय संपला. आत काय होतं ते शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. तू गेल्यावर लोक म्हणाले, वय झालं होतं. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस तेवढी मी आज आहे, आये. माझं काही वय झालेलं नाही.

मी धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सोमवारपर्यंत थांब. मी कंपनीशी बोलतो. इतकी वर्षं हप्ता भरतोय, तो काय फुकट घालवायचा?" मी म्हटलं, "सोमवारी बाप असेल का, ते पण विचार कंपनीला." तो चिडला, म्हणाला तुला कायदा कळत नाही. म्हटलं, नाही कळत, चौथी शिकले, पण बाकावर बसलेला माणूस कळतो. आणि फोन ठेवला. तो वाईट नाही गो. लांब राहून काळजी करणाऱ्याला कागदच दिसतात, त्याला तो तरी काय करणार. पैसे होते माझ्याकडे. माझे, मासे विकून मिळवलेले, कुणाला हिशोब द्यायचा नाही असे. ते खिडकीत ठेवले आणि म्हटलं, घे रे बाळा, आमचं वेड पण राहू दे आणि लग्न पण राहू दे, स्कॅन कर.

पुढचं भराभर झालं. बाबा आत गेले. कसे गेले ते मागून सांगते. रक्त होतं, डाव्या पायाचं काम बघणाऱ्या बाजूवर दाबून बसलेलं. संध्याकाळी ॲम्ब्युलन्सने आंबा घाटातून कोल्हापूरला नेलं, मी त्यांचा हात धरून बसलेली, प्रत्येक वळणाला देवाला आणि ड्रायव्हरला शिव्या देत. रात्रीतच डोक्याला भोक पाडून रक्त काढलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बाय, माझी चप्पल खंय?" मी त्या अतिदक्षता विभागातल्या नर्सला मिठी मारली. ती म्हणाली, अहो मावशी, हात धुतलेत का? एवढी मासळीची बाई मी, मला हात धुवायला सांगते. धुतले निमूट.

आता गंमत ऐक. घरी आल्यावर विमावाल्यांचा माणूस फोनवर आला. म्हणाला, ऑपरेशनचं मिळालंच आहे, आणि तो स्कॅनपण आता बसतो, भरतीच्या आधीच्या तपासण्यांत. बिल पाठवा, पैसे मिळतील. मी म्हटलं, "तेव्हा बसत नव्हता, आज कसा बसला?"

"आता आजार निघाला ना, मॅडम."

"आणि काही निघालं नसतं तर?"

"तर नसता बसला."

"म्हणजे माझ्या बापाच्या डोक्यात रक्त निघालं हे आमचं नशीब?"

"तसं नाही, मॅडम. नियम आहे."

"नियम मला कळला. ज्याचं काही निघालं नाही त्यालाच दंड. म्हणून तर आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आत बघायलाच जात नाहीत. काही निघालं नाही तर पैसे वाया गेले म्हणतात. काही निघालं नाही तर पेढे वाटायचे, का रडायचं? आणि मला मॅडम म्हणू नका, मी मासे विकते."

त्याने फोन ठेवला. बिल मी पाठवलं. सोडते की काय. पण त्यानंतर माझं तोंड काही बंद झालं नाही. बाजारात माशांच्या पाटीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, म्हातारा पडला, सासू घसरली, हळद लावून गप्प बसू नका. कार्ड चालो न चालो, आत बघा. बायका म्हणतात, आली बघ डॉक्टरीण. म्हणू देत. मांडवीकडच्या एकीच्या सासूला तर मीच रिक्षात घातलं. तिच्या डोक्यात काहीसुद्धा निघालं नाही. सून मला चार गोष्टी सुनावून गेली, फुकट खर्चात पाडलंस म्हणून. मी तिला एक पापलेट तसंच दिलं आणि म्हटलं, जा, सासूला तळून घाल, रिकामं डोकं निघालं म्हणून. तीच मग हसली. पण दर वेळी मी पापलेट कुठून देऊ?

आता ते मागून सांगायचं राहिलं ते.

बाबा आत जायला तयार नव्हते, आये. स्कॅनच्या खोलीचं दार उघडलं, ते मोठं पांढरं मशीन दिसलं, आणि त्यांनी बाकाची कड अशी धरली की दोन माणसांना सुटेना. मी ओरडले, विनवलं. नाय म्हणजे नाय. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. असा चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. हळू आवाजात म्हणाले, "आलीस, अगो? आलीस ना शेवटी? मी गाडी सांगितलीय कोल्हापूरची. चल, तेवढा फोटो काढून घेऊ. हसण्यावारी नेऊ नको. माझ्यासाठी चल." आणि माझा हात धरून रडायला लागले.

मला माहीतच नव्हतं, आये. मला वाटायचं, तू हसलीस आणि ते पण हसले. त्यांनी गाडी सांगितली होती? कितीदा विनवलं होतं तुला? तू नाही म्हणालीस, आणि त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही.

मी त्यांचे डोळे पुसले आणि म्हटलं, "येते. पण मला भीती वाटते. आधी तुम्ही जा, मागून मी येते." ते लगेच उठले. पाय घासत, पण ताठ. आत त्या मशीनवाल्याला म्हणाले, "माझ्या मागून हिचा काढा. घाबरट हाय, हिला दम देऊ नका." थोड्या वेळाने तो मशीनवाला बाहेर येऊन विचारतो, "दुसऱ्या पेशंट कुठायत?" मी म्हटलं, त्या नाही आल्या.

बाबांना यातलं काही आठवत नाही. आता गाठी पुन्हा घट्ट बसतात आणि मला ते बायच म्हणतात. मीही त्यांना सांगितलेलं नाही, आणि हा कागदही तसबिरीमागे कार्डाजवळ ठेवणार, तुला तरी कुठे पाठवायचा. पण तुझ्या तोंडाने मी येते म्हटलं, तुला न विचारता. रागावलीस तर रागाव. ते ऐकून त्यांना इतकं बरं वाटलं, आये, की क्षणभर मला वाटलं, खरंच तू येशील.