गाडीत न चाललेलं अस्वल

मामा,

आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि टाइप एका बोटाने करतोय. 'ज्ञ' शोधण्यात जेवणाची अर्धी सुट्टी गेली (सापडला तेव्हा तो कशाला हवा होता तेच आठवेना). सीट कव्हरच्या दुकानातला कॉम्प्युटर आहे, मालक डुलकी काढतायत तोवर माझा. तुम्हाला वाकून नमस्कार, मनातल्या मनात, कारण खुर्ची मोडकी आहे. गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत आहेत, मी सोडून.

कारण तुमची गाडी. म्हणजे आम्हाला दिलेली. उपकारच केलेत, पण मागच्या सीटसमोर पडदा असलेली गाडी का दिलीत? आणि वर ती अस्वलाच्या सिनेमाची डीव्हीडी? ताईची जुळी चार वर्षांची झाली. अस्वल चालू असलं की गप्प, बंद पडलं की ओकतात. एकाने सुरुवात केली की दुसरी मागे राहत नाही. त्यात त्यांनी ती डिस्क जिन्यावरून घरंगळत सोडली. ओरखडे पडले, शेवटची दहा मिनिटं गेली ती गेलीच. आई म्हणाली, उरलंय त्याची कॉपी काढ, गाडीत कॉपी लावू. (घरात यंत्राचं काही असलं की मला हाक मारतात. एरवी मी आहे की नाही ते कुणाच्या लक्षात नसतं.)

काढली. घरच्या मशीनवर चालली. गाडीत लावली तर 'डिस्क वाचता येत नाही'. दुसरी काढली, तेच. तिसरी महागातली आणली, तेच. दाजी कुठे गप्प बसतात? "शाळा अर्धवट, डिस्कपण अर्धवट!" सगळे हसले, बाबासुद्धा. जास्त राग कशाचा आला सांगू? दाजींचं म्हणणं खरं निघालं. डिस्क भरून झाली की ती बंद करायचं एक बटण असतं, ते मी दाबलंच नव्हतं. घरच्या मशीनला तशी चालते, गाडीला नाही. (हे त्यांना कळलेलं नाही. कळू देऊ नका.)

चौथी झकास चालली. मग आईच्या हाती लागली. औषधांच्या दुकानात काम करून तिला लेबल नसलेली वस्तू बघवत नाही, रिकाम्या डब्यावरसुद्धा 'रिकामा' असं लेबल आहे. तिने डिस्कवर कागद डकवला: 'अस्वल. गाडीसाठी. हात लावू नये.' आत्याकडे निघालो, सहा तासांचा रस्ता, गाडी तव्यासारखी तापलेली. तासाभरात कागद सुटला आणि आतच गोळा झाला. डिस्क चालेना आणि बाहेरही येईना. जुळ्यांचे चेहरे पांढरे पडायला लागले. आणि आई म्हणते, "अरे, कॉप्या काढून काढून तुला पाठ झालंय ना सगळं? सांग की तोंडाने!"

मला, मामा! उभं राहून धडा वाचावा लागतो म्हणून ज्याने शाळा सोडली, त्याला! गिऱ्हाईक आलं की मी रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे जातो. इथे गाडीत सात माणसं आणि लपायला जागा नाही. पण ताई पिशवी धरून बसलेली बघितली आणि केलं सुरू. अस्वल, नदी, मधमाश्या, सगळ्यांचे आवाज. पाच तास! दाजी चालवता चालवता म्हणतात, "अस्वल जरा जाड काढ रे, बेडूक वाटतोय." बाबा म्हणतात, "नदीचं परत घे." मी काय रेडिओ आहे? कुणी ओकलं नाही, पण मला घोटभर पाणी विचारलं असेल तर शपथ.

आता मेकॅनिकने कागद काढलाय, डिस्क छान चालते. आणि जुळी म्हणतात ते नको, मामाचं लावा. (त्यांचा मामा म्हणजे मी.) रविवारी तुमच्याकडे यायचंय. नऊ तास, मामा.

तुमचा भाचा

ता. क. आईला फोन करून सांगा की मला बसने पाठवावं. कारण तुम्ही शोधा, मला सुचत नाही.

ता. क. २. वरचं राहू द्या, फोन करू नका. फक्त शेवटी अस्वलाला त्याची आई सापडते का तेवढं कळवा. तुम्ही सिनेमा पूर्ण बघितलाय ना? मी तीनदा तीन वेगळे शेवट सांगितले, भाचीला संशय आलाय. सापडत नसेल तर कळवू नका, मी माझं बघतो.

आणि हो, बाबांनी मिशी काढली.