‘शिट्टी’तला माझा अर्धा वाटा

मी, सरला दयाराम खोब्रागडे, वय वर्षे एकोणसाठ, व्यवसाय प्रॉडक्ट मॅनेजर, राहणार चौबे कॉलोनी, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात खाटेवर बसून, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. परवा माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. सौमित्र यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्याआधी त्यांनी मला आजचा वार, राज्याची राजधानी आणि मी नोकरीत नेमके काय करते, एवढे विचारले. पहिली दोन उत्तरे त्यांना पटली. तिसरे ऐकून त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावले.

मजवर कोणाचा दाब नाही. दाब आणणारा काल येऊन, माझेच चिकू खाऊन गेला. ती हकीकत पुढे येईल.

कलम १. चौबे कॉलोनीतला फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. माझे वडील दयाराम भंडाऱ्याकडून रायपूरला आले आणि रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर म्हणून राबले. आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो, त्यामुळे वडिलोपार्जित असे काही नाही आणि त्यावर भांडायला कोणी भाऊबंदही नाहीत. फ्लॅट माझा दिवंगत भाऊ यशदीप याची मुलगी दीक्षा हिला मिळावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिला मराठी सगळे समजते, बोलते मात्र हिंदी. काल तिला विचारले, “घर तुले देऊन राहिली, चालते ना?”

ती म्हणाली, “बुआ, पहले ऑपरेशन तो होने दो. और किचन की दीवार से वो सारे फोन हटाने पड़ेंगे.”

ते फोन मी चाचणीसाठी चिकटवले आहेत. ते काढताना रंग निघेल. नवा रंग तिने आपल्या पसंतीचा द्यावा, माझी काही हरकत नाही.

बँकेतली शिल्लकही तिचीच. पुस्तके मात्र वॅगन कारखान्याच्या वसाहतीतल्या विहाराच्या वाचनालयाला द्यावीत. त्यातली नेतृत्वावरची पुस्तके वाटल्यास देऊ नयेत. ती मी कंपनीच्या खर्चाने घेतली आणि कोणीच वाचली नाहीत.

कलम २. घरातले व ऑफिसातले सगळे प्रेशर कुकर माझ्या मालकीचे आहेत. ते बीरगावच्या कांताबाईंच्या बचत गटाला द्यावेत. यामागचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

आमची कंपनी एकच ॲप बनवते. त्याचे नाव ‘शिट्टी’. फोन कुकरजवळ ठेवायचा, किती शिट्ट्या हव्यात ते सांगायचे. तेवढ्या झाल्या की फोन म्हणतो, “डाळ शिजली, गॅस बंद करा.” कंपनीचे मालक इंद्रजीत भैया यांची डाळ एकदा करपली. दुसरा कोणी असता तर त्याने दुसरी डाळ लावली असती. इंद्रजीतने कंपनी काढली. मी तेव्हा एका पोलाद कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात होते. तो घरी आला आणि म्हणाला, “दीदी, आप प्रॉडक्ट देखो, मैं विज़न देखूँगा.” पगाराची सोय नव्हती म्हणून त्याने कंपनीचा अर्धा वाटा माझ्या नावे करून दिला. पुढे पगार सुरू झाला. विज़न मात्र कुठे दिसले नाही.

ॲप बीरगावला पोचले आणि घोटाळा झाला. तिथल्या एका कारखान्याचा पाळी बदलायचा भोंगा ॲपने शिट्टी म्हणून मोजला. भोंगा लांबलचक, म्हणून ॲपने त्याच्या एकदम चार शिट्ट्या धरल्या. अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी फोन एकाच वेळी बोलले आणि लोकांनी विश्वासाने गॅस बंद केला. त्या दिवशी सगळा पारा कच्ची डाळ जेवला. दुसऱ्या दिवशी निम्मी पाळी पोट धरून घरी बसली. कारखान्याने चौकशी करून भोंग्याचा आवाज बदलला आणि कोंबड्याच्या आरवण्याचा लावला. ॲपची अडचण सुटली, पण तिथल्या खऱ्या कोंबड्यांना दिवस कधी उगवतो ते कळेनासे झाले.

इंद्रजीत म्हणाला, “ॲप में सॉरी का मैसेज डाल देते हैं.” मी म्हटले, ज्यांची डाळ कच्ची राहिली त्यांच्या घरी जायचे. मी दुसऱ्याच दिवशी गेले. कांताबाईंनी मला पाटावर बसवले आणि आदल्या दिवशीचीच डाळ वाढली. मी ती संपवली. दीक्षाला माझे सांगणे आहे की पुढे-मागे ती माणसांवर प्रमुख झाली, तर माफी मागायला उपाशीपोटी जावे.

कांताबाई म्हणाल्या, “मॅडम, माफी राहू द्या. आमचा माणूस तिकडं खाटेवर लोळून राहते. फोन त्याले सांगत नाही, मलेच काहून सांगते? मी तर चुलीपाशीच उभी हाओ.”

बाजूच्या बाईला शिट्टी सासूला ऐकू येऊ नये असे ॲप हवे होते. तिसरीला वाटत होते की डाळ झाल्यावर फोनने तिचे कौतुक करावे. आम्ही तिघींचेही ऐकले. पहिलीसाठी घरातल्या पुरुषाच्या फोनवर घंटी वाजवली. पुरुष लोळतच ‘गॅस बंद केला’ हे बटण दाबू लागले. म्हणून आम्ही शेगडीचा फोटो मागितला. त्यांनी बंद शेगडीचा एकच फोटो काढून ठेवला आणि रोज तोच पाठवला. एका सद्गृहस्थाने तर विझलेल्या बल्बचा पाठवला. कौतुकाची सोय मात्र उत्तम चालली. पुरुषांनीही ती सुरू करून घेतली, काही न करता.

कलम ३. ऑफिसात माझ्या टेबलामागे जो आलेख चौकट करून लावला आहे, तो इंद्रजीतला द्यावा. एका महिन्यात ‘शिट्टी’चा वापर अचानक आभाळाला भिडला होता. इंद्रजीतने मोठ्या हॉटेलात पैसेवाल्यांना बोलावून पडद्यावर तो आलेख दाखवला आणि म्हणाला, “ये छत्तीसगढ़ की रसोई की ताकत है.” टाळ्या झाल्या. मी त्याच दुपारी शोध घेतला तर रेल्वे यार्डाशेजारच्या वस्तीत काही लोक ॲप बंद करायला विसरले होते आणि फोन इंजिनांच्या शिट्ट्या मोजत बसले होते. त्या महिन्यात आमचे सगळ्यांत निष्ठावान ग्राहक मालगाड्या होत्या.

मी इंद्रजीतला सांगितले. त्याने आलेख पुन्हा एकदा पाहिला. मग त्याने विचारले, “दीदी, मालगाड़ी से सब्सक्रिप्शन ले सकते हैं क्या?”

आलेख त्याने घरी लावावा. चढती रेघ पाहून आनंद होण्याआधी ती कोणी चढवली ते विचारावे, एवढेच त्याखाली माझे म्हणणे समजावे.

कलम ४. आता पुष्कर पाध्ये. हा माझ्या हाताखाली प्रॉडक्टचे काम पाहतो. त्याचे पूर्वज भोसल्यांच्या काळात रायपूरला आले, आणि हे तो कुठल्याही बैठकीत, बटणाच्या रंगावर चर्चा चालू असली तरी, सांगतो. माझे वाक्य पूर्ण व्हायच्या आत तो ‘नाही’ म्हणतो. मी रजेवर असताना त्याने ‘थांबवा’चे बटण उजवीकडून डावीकडे नेले. मी येऊन ते उजवीकडे आणले. मी पुन्हा रजेवर गेले. लोकांना आपले ॲप थांबवता येईना, तेव्हा इंद्रजीतने लोक ॲपमध्ये जास्त वेळ राहतात म्हणून पुष्करचा सत्कार केला. शाल मी दिली, कारण मी वरिष्ठ होते.

माझी ऑफिसातली खुर्ची पुष्करला द्यावी. तिचे एक चाक अडकते. ते दुरुस्त करून देऊ नये.

त्याचे आणि माझे सगळ्यांत मोठे भांडण थरथरीवरून होते. शिट्ट्या पूर्ण झाल्या की फोन बोलतो, तसाच थरथरतोही. पुष्करला ती थरथर लांब आणि जोरकस हवी होती. मी म्हणत होते की बॅटरी संपते. दर आवृत्तीला मी ती कमी करायची आणि दर आवृत्तीला तो ती वाढवायचा.

कलम ५. कालची हकीकत. दुपारी इंद्रजीत आणि पुष्कर मला पाहायला आले. इंद्रजीतच्या एका हातात चिकू होते, दुसऱ्यात कागद. बाहेरगावच्या एका कुकर कंपनीला ‘शिट्टी’ विकत हवी आहे. विकल्यावर ॲप फक्त त्यांच्याच कुकरवर चालेल आणि त्यातली थरथर काढून आवाज तेवढा ठेवतील. पुष्करला तिथे मोठी जागा मिळेल.

“दीदी, बस आपकी साइन चाहिए,” इंद्रजीत म्हणाला. “ऑपरेशन के पहले हो जाए तो अच्छा है. मतलब, अशुभ नहीं बोल रहा हूँ. कैलेंडर के हिसाब से बोल रहा हूँ.”

मी काही बोलायच्या आत पुष्कर म्हणाला, “नाही.”

माझ्या वाक्याआधी हे मी नेहमीच ऐकते. पण या वेळी तो इंद्रजीतकडे पाहत होता.

मी विचारले, “काहून रे? तुले तर मोठी खुर्ची देऊन राहिले ना ते?”

तो म्हणाला, “मॅडम, आवाज तेवढा ठेवला तर माझ्या आईला काही उपयोग नाही. तिला ऐकू येत नाही. फोन ती कमरेला खोचून ठेवते.”

त्याच्या आईला, गोदावरीबाईंना, मी कितीतरी वेळा भेटले आहे. त्या नेहमी हसून मान हलवायच्या. मला वाटे, त्यांना माझे पटते.

“मग हे आधी का नाही सांगितलं?” मी विचारले.

“तुम्ही म्हणाला असता, एका आईसाठी ॲप चालवता येत नाही.”

हे खरे आहे. मी तसेच म्हटले असते, आणि प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून ते बरोबरही असते. मी विचारले, “तुझ्या आईसारखे आणखी कोणी आहेत?”

“मोजलं नाही. पण थरथर तुम्ही कमी केली की तक्रारी येतात. त्यातले पुष्कळ लोक लिहितात की फोनवर बोलू नका, लिहूनच उत्तर द्या. मी दर वेळी बैठकीत ते वाचायला घेतो. तुम्ही बॅटरीचं काढता.”

इंद्रजीत खाटेच्या कडेला बसला आणि पिशवीतला एक चिकू सोलून खाऊ लागला. विचार करताना तो खातो. तो वाईट माणूस नाही. ऑफिसचे भाडे, माणसांचे पगार, सगळे त्याच्या डोक्यावर आहे. तीन चिकू झाल्यावर तो म्हणाला, “पुष्कर, तेरी नौकरी पक्की थी वहाँ. सोच ले.”

“सोच लिया भैया.”

“और मैं?”

“तुम्ही विज़न बघा,” मी म्हटले. इंद्रजीतने बिनसहीचे कागद घडी करून खिशात घातले, चिकूच्या साली गोळा केल्या, डबा कुठे आहे ते नर्सला विचारले आणि माझ्या पायाला हात लावून गेला. उशीचा अभ्रा सरळ करून पुष्करही गेला. जाताना दारातून म्हणाला, “थरथर पुढच्या आवृत्तीत वाढवतोय.” मी नाही म्हटले. तो हो म्हणाला.

बॅटरी संपते हे माझे म्हणणे आजही कायम आहे आणि ते या दस्तात नमूद असावे.

कलम ६. सबब, कंपनीतला माझा अर्धा वाटा, मतासह आणि सर्व हक्कांसह, पुष्कर पाध्ये यास मिळावा. दीक्षाने यावर उजर करू नये. तिला घर दिले आहे, भांडण मुद्दाम दिलेले नाही. इंद्रजीतजवळ हो म्हणणारी माणसे भरपूर आहेत. ती जेवायच्या सुट्टीतही मिळतात. स्वतःचे नुकसान समोर दिसत असताना मालकाच्या तोंडावर नाही म्हणणारा मला एवढ्या नोकरीत एकच भेटला आणि त्याचा मला अतिशय राग येतो. वाटा त्याला देण्यात माझे प्रेम आहे असा अर्थ कोणी काढू नये. ही नेमणूक आहे.

अट एवढीच की त्याने आपल्या हाताखाली असाच एखादा माणूस ठेवावा, जो त्याचेही वाक्य पुरे होऊ देणार नाही. तसा सापडला नाही तर हुशारीची परीक्षा घेऊ नये. जाहिरातीत ‘थोडा खडूस चालेल’ असे लिहावे.

कलम ७. माझ्या मागे त्रिशरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत. इंद्रजीत बोलायला उठलाच तर त्याला बसवू नये, पण पडदा लावू देऊ नये.

मी शुद्धीवर परत आले तर हे मृत्युपत्र दीक्षाने कपाटात कुलपात ठेवावे आणि कोणालाही वाचून दाखवू नये, पुष्करला तर मुळीच नाही. त्याला कलम सहा कळले, तर तो माझ्याशी भांडायचे बंद करील.

वर लिहिलेले सगळे मी स्वतः ठरवले, स्वतः लिहिले, दोनदा वाचले आणि साक्षीदारांसमक्ष खाली सही केली. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

सही: सरला दयाराम खोब्रागडे

साक्षीदार क्र. १: डॉ. सौमित्र, सदर दवाखाना. (सही)

साक्षीदार क्र. २: विमलाबाई, शेजारीण, चौबे कॉलोनी. वकिलांच्या सल्ल्यानुसार साक्षीदाराला काही न दिलेले बरे. विमलाबाईंचा माझ्या पाच लिटरच्या कुकरवर डोळा होता, म्हणून त्यांनी आधी सहीस नकार दिला. नंतर म्हणाल्या, “कुकर राहू दे. तू घरी ये.” (सही)

ठिकाण: रायपूर
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५