ऋणनिर्देशाच्या पानावरचा धोका

हिंगणी, होळीच्या आधीचा सोमवार, २००३

श्री. लक्ष्मणराव यांना चंद्रभानचा रामराम.

तुमची बहीण बरी आहे, मी बरा आहे, वांगीही बरी आहेत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा (डॉक्टर काय म्हणतो ते नको). पत्राचं कारण असं की तुमच्या बोरगाव मेघेच्या घरी राहून आमची उज्वला कॉलेजचा जो अहवाल लिहिते आहे, त्यात मला काहीतरी काळंबेरं दिसतं.

रविवारी ती कच्ची प्रत घेऊन आली आणि तिनं मला अहवालाची रचना समजावली. आधी मुखपृष्ठ. त्याबद्दल तक्रार नाही. मग हे काम आपणच केल्याचं प्रमाणपत्र. (आम्ही वांग्यांसोबत ती चोरीची नाहीत असा कागद जोडत नाही. ज्या अर्थी कॉलेजवाल्यांना जोडावा लागतो, त्या अर्थी तिथं काहीतरी चालत असणार.) मग सारांश. "बाबा, सारांश येते पहिले, पण लिवा लागते शेवटी," म्हणाली. मग गृहीतक, म्हणजे चौकशीला निघण्याआधीच काय सापडणार ते लिहून ठेवायचं. आता तुम्हीच सांगा, ही सरळ माणसांची रीत आहे का?

विषय आहे भाजीबाजारातला शेतकरी. प्रश्नावली घेऊन ती घरोघरी फिरली, तर गावाला वाटलं पोरगी सरकारकडून जमिनी विचारायला आली (धरण आणि जंगल शेजारी असल्यावर कागदवाला माणूस कुणाला आवडतो?). तानाबाईनं तर टोपलीतली मेथी निवडता निवडता सांगितलं, "आम्ही भाजी लावतच नाई." खरं बोललो तो मी एकटा. आमचे अडते, तुमच्याच गल्लीतले भैय्याजी, वजनात कडता म्हणून फुकटचा माल कसा कापतात ते सगळं सांगून टाकलं. नाव गुप्त राहील असा शब्द उज्वलानं दिला आणि पाळला. तिसऱ्या प्रकरणात नुसतं 'हिंगणीचे एक शेतकरी' असं आहे.

पण रचनेत ऋणनिर्देश नावाचंही पान असतं. त्यात प्राचार्य, ग्रंथपाल, तुम्ही, आणि शेवटी 'हिंगणीत मुलाखत देणारे एकमेव शेतकरी, माझे वडील चंद्रभान यांची मी ऋणी आहे.' मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मतदारयादी सोडली तर माझं नाव कुणी कुठं लिहिलेलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. आळीत सगळ्यांना वाचून दाखवलं. मग तुमच्या बहिणीनं पुढची पानं उलटली आणि म्हणाली, "मागं नाव झाकलं अन् समोर उघडं ठेवलं. भैय्याजी का आंधळे हायेत?"

ते आंधळे नाहीत. आळीतल्या कुणीतरी (मला तानाबाईचा संशय आहे) बातमी बाजारात पोचवली आणि त्यांनी अहवाल बघायला मागितला आहे. उद्या त्यांनी आमच्या वांग्यांचा लिलावच लावला नाही, तर ती तुमच्याकडे पाठवावी लागतील.

आपला,
चंद्रभान

ता. क. : म्हणून विनंती, टायपिंगला जाण्याआधी त्या पानावरचं माझं नाव खोडा. उज्वलाला कळू देऊ नका, शाई सांडली म्हणा.

ता. क. दुसरा : खोडू नका. पाकीट चिकटवायला हात होईना. त्यापेक्षा उज्वलाला सांगून सगळ्यांच्या वर भैय्याजींचं नाव घाला, मार्गदर्शक म्हणून. आपलं नाव सापडलं की माणूस पुढचं पान उलटत नाही. मीही उलटलं नव्हतं. फक्त भैय्याजींच्या बायकोला वाचायची सवय आहे का, तेवढी गुपचूप चौकशी करा.