सतरा नंबरचं गोड पाणी

आणि एक सांगतो दादा, पिंजरे धुणं हे हलकं काम नाय. दिवाळीत चार माणसांत तू म्हणालास, "जयराम, सातवी नापास तू, परमुलखात उंदरांची घाण काढतोस, मला अक्कल शिकवू नको," ते अजून माझ्या कानात आहे. (त्याआधी मी तुला काय म्हणालो ते तूर्त राहू दे, त्यावर येतोच आहे.) असो. ती. गोरक्षदादाच्या पायांवर धाकट्याचं डोकं. आईच्या गुडघ्याला आराम असेल, हर्षाली वहिनींचं शिवणकाम चालू असेल. तुझी तब्येत विचारत नाही, कारण विचारली की तू "बरं आहे" म्हणतोस आणि भिंतीकडे तोंड करतोस. फोनही तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. वहिनी, तो वाचत नसेल तर त्याच्या उशाशी बसून मोठ्याने वाचा.

ही माझी पाचवी नोकरी. (सातपूरच्या दोन, अंबडची एक, इथं बंगळूरला याच संशोधन संस्थेच्या कँटीनची एक. तू मोजलेल्या असशीलच.) कँटीनमध्ये एका करपलेल्या पातेल्याला मी आपल्या बोलीत शिव्या घालत होतो, तर मागून एक बाई म्हणाल्या, "नाशिककडचा ना रे तू?" त्या योगिनी मॅडम. आपल्या नाशकातच, द्वारका चौकाजवळ त्यांच्या वडिलांचं पत्र्याच्या डब्यांचं दुकान होतं. वडिलांची इच्छा, पोरीने बाळंतपणाचा दवाखाना टाकावा. पोरीने बावीस वर्षं उंदरांच्या मेंदूत घातली, त्यातली नऊ परदेशात. माणसाचं मन आजारी पडतं तेव्हा डोक्याच्या आत नेमकं काय बिघडतं, एवढा एकच प्रश्न. पुरतं उत्तर अजून मिळालं नाही म्हणतात, आणि सांगताना लाजतही नाहीत. (आपल्याकडे लेथवर बावीस वर्षं एकच जॉब जमला नसता तर सुपरवायझरने गेटबाहेर काढलं असतं.) लग्नकार्यात नातेवाईक त्यांच्यापुढे जीभ काढून उभे राहतात, डॉक्टर आहेस तर बघ म्हणून. मी औषधाची नाही, शोधाची डॉक्टर, असं त्यांनी सांगितलं की जीभ आत जाते आणि प्रश्न बाहेर येतो, मग एवढं शिकून काय केलंस?

तर त्यांच्या उंदरांचं खोलीभर बिऱ्हाड माझ्या ताब्यात आलं. कामाची रीत ऐक. अर्ध्या उंदरांना मजेत ठेवायचं. उरलेल्या अर्ध्यांना सहा आठवडे थोडा थोडा त्रास द्यायचा. पिंजरा तिरका करायचा, भुसा ओला ठेवायचा, एकेकट्याला वेगळं काढायचं. (यालाही वरून परवानगी लागते, कागद भिंतीला लावलेला आहे.) मग प्रत्येकापुढे दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या. धड उंदीर गोडाकडे धावतो. मन मोडलेला धावत नाही. तो किती प्याला ते मोजायचं. दादा, मला ओला भुसा बघवेना. मॅडमची पाठ वळली की मी कोरडा भुसा घालायचो, पिंजरा सरळ करायचो, जरा गोंजारायचो, आणि त्या यायच्या वेळेला पुन्हा पाणी शिंपडून पिंजरा तिरका. सहा आठवडे. शेवटी आकडे आले तर त्रासलेले उंदीर गोड पाण्यावर असे तुटून पडले, जणू वरातीत आलेत. मॅडमनी वजनकाटा तपासला, साखर बदलली, उंदीर पुरवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. मला वाटलं, खरं सांगितलं तर शाबासकी मिळेल. सांगितलं. मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या, कपाळाला हात लावला, आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. म्हणाल्या, "अरे, माझे सहा आठवडे गेले, पण उंदरांचे चांगले गेले!"

दुसऱ्या खेपेला मी हात आवरला. आणि सतरा नंबरच्या पिंजऱ्यातला उंदीर मनाने खचला. पहिले काही दिवस तो जाळीला नाक लावून माझी वाट बघायचा; पुढे पुढे पाठ करून बसू लागला. अंगाची निगासुद्धा सोडली त्याने. गोड पाण्याची बाटली तोंडापासून वीतभर, तो ढुंकून बघेना. मला वाटलं, साखर कमी पडली असेल. म्हणून बाटली काढून मी स्वतः पिऊन बघितलं. (वहिनी, हे आईला वाचून दाखवू नका.)

गोड होतं, दादा. चांगलं गोड होतं.

तिथंच मला तुझा चहा आठवला. तीन चमचे साखरेचा तू माणूस, पहिल्या पाळीला जाताना उभ्याउभ्या दोन कप मारणारा. दिवाळीत तुझ्या उशाशी कप होता, त्यावर साय धरली होती, त्यात मुंगी मेलेली. आई म्हणाली नजर लागली, मामा म्हणाला भगताकडे न्या, आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "कामावर जायला नको म्हणून नाटक करतोय." सतरा नंबरला कुठली पाळी चुकवायची होती, सांग बरं?

मॅडमना तुझं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, उंदरावरून माणसाचं निदान करायचं नसतं आणि मीही करणार नाही. पण भावाला मनाच्या डॉक्टरकडे ने. एका भेटीत बरं होतं असं त्या म्हणत नाहीत.

कळावे. इकडे मॅडमचं सगळं काम माझ्या जिवावर चाललं आहे.

तुझा,
जयराम

ता. क. — माझ्या जिवावर म्हणजे, ती मोजायची बाटली प्यालो तेव्हापासून मला पिंजऱ्यांना हात लावायची बंदी आहे. फक्त बाटल्या धुतो. सतरा नंबर आता कोरड्या भुशात आहे, पण अजून पाठमोराच.

ता. क. दुसरा — नाटक म्हणालो ते मी परत घेतो. तू घाणीचं म्हणालास ते राहू दे, ते खरंच आहे.

ता. क. तिसरा — सिव्हिलला मनाच्या आजारांची ओपीडी असते, वार विचारून घ्या. वहिनी, त्याला एकट्याला पाठवू नका. दोघांचं रिक्षाभाडं, औषधं लागली तर ती, आणि येताना द्वारकेवर दोन चहा, दादाच्यात साखर तीन चमचे. नाही प्यावासा वाटला तर राहू दे दादा, कोणी काही म्हणणार नाही. वहिनींच्या फोनवर पाठवतोय, रुपये एक हजार सहाशे चाळीस.