सयाजीदादाचा बँड आणि न शिवणारा कावळा

कोल्हापूर,
मार्च २००७

प्रिय पृथ्वीराज यास,

जोतीरामचा सप्रेम नमस्कार. (सुतक आहे म्हणून वर श्री घातलेला नाही. विसरलो असे समजू नकोस.) तुझी आणि वहिनींची प्रकृती बरी असेल. आई-वडील पुण्यातच तुझ्याजवळ असतील तर त्यांना नमस्कार सांग. आम्ही सर्व ठीक आहोत असे लिहायची हाताला सवय आहे, पण ते आता खरे नाही. सयाजीदादा गेल्याचे फोनवर सांगितले तेव्हा बाकीचे सांगायचे राहून गेले. म्हणून हे पत्र.

तू गेल्यानंतर बँडचे काय झाले ते आधी सांगतो, नाहीतर पंचगंगेवरचा प्रकार तुला कळणार नाही. कॉलेजात आपण पाच जणांनी 'द वाइल्ड बफेलोज' काढला तेव्हा खांद्यापर्यंत केस, काळे टी-शर्ट आणि फक्त इंग्रजी गाणी असा नियम होता. (गाणी तू लिहायचास. अर्थ आम्ही कधी विचारला नाही.) दिवाळी पाडव्याला म्हशी सजवून मिरवतात, तिथे आपल्याला पहिली सुपारी मिळाली ती केवळ नावामुळे. म्हशी शांतपणे ऐकत होत्या, माणसे निघून गेली. मग गारगोटीच्या गणपतीत मंडळाने हळदीचे गाणे मागितले, दादा हो म्हणाला आणि तू माइक खाली ठेवून एसटीने निघून गेलास, तो गेलासच. त्यानंतर आम्ही 'बफेलोज ऑर्केस्ट्रा' झालो. ऑर्केस्ट्रा चालेना तेव्हा टेम्पोवर चढलो आणि 'बफेलो बँजो पार्टी' झालो. कीबोर्डवर ज्ञानू नावाचा नवा मुलगा आला. कृष्णातचा ड्रमसेट गेला आणि ताशा आला. केस कुणी कापले नाहीत, ते आपोआपच गेले. मी अजून बेस वाजवतो. टेम्पोवर तो कुणाला ऐकू येत नाही, मलाही येत नाही, पण थांबलो की दादा मागे वळून बघायचा. कागलला आमच्या कंपनीत मशीनचे सगळे भाग बदलले तरी तिचा नंबर जुनाच ठेवतात. बँडचे तसे झाले होते. आता तो नंबर तरी राहतो की नाही हा प्रश्न होता, कारण दादाला पोहोचवून येतानाच ज्ञानू हळूच म्हणाला, "आता नाव बदलूया की. म्हशीचं नाव बघून लोक हसत्यात."

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला घाटावर गेलो. दादाच्या आवडीचे सगळे पानात मांडले होते: दहीभात, कांदाभजी, कट घातलेला वडा, बशीत चहा. (मटण नव्हते. आमचे बाबासोकाका अशा वेळी फार कडक असतात.) कावळे पुष्कळ होते. शेजारी दुसऱ्या एका घरचे रक्षाविसर्जन चालले होते, त्या पावण्यांच्या पानावर तुटून पडत होते, पण आमच्या पानाकडे एकही फिरकेना. एक थोराड कावळा तेवढा भिंतीवर बसून मान वाकडी करून बघत होता, कार्यक्रमाआधी दादा माइकची तपासणी करताना आमच्याकडे बघायचा तसा. ऊन चढले. आईने सकाळपासून पाणीसुद्धा घेतले नव्हते. काका म्हणाले, पान गाईला घालू आणि निघू. आई पायरीवर बसली ती बसलीच. म्हणाली, "माझ्या पोराचं कायतरी ऱ्हायलंय. त्यो शिवल्याबिगर मी उठायची न्हाय." तिचे ओठ कोरडे पडले होते. मला भीती वाटू लागली की आता दुसरे काही होते की काय.

मग शब्द द्यायला सुरुवात झाली. काका पुढे होऊन म्हणाले, "सयाजी, अनुजाच्या शिक्षणाचं मी बघतो." (अनुजा म्हणजे दादाची मुलगी. तू गेलास तेव्हा रांगत होती.) कावळा हलला नाही. काकांनी मन मोठे केले. "बरं, मळ्यातला बांध मागं घेतो." कावळ्याने पंख खाजवले. काका लगेच म्हणाले, "नगं म्हणतोय त्यो," आणि मागे सरले. तेव्हा कृष्णात ओरडला, "सयाजी, बँजो बंद! हळदीत वाजवणार न्हाय!" आणि कावळा भिंतीवरून पायरीवर आला. एवढ्यात ज्ञानू म्हणाला, "बंद कसा? जोतिबाच्या यात्रेला टेम्पो ठरलाय की!" कावळा परत भिंतीवर.

"बघ, घालवलास त्याला," कृष्णात म्हणाला.

"माझ्यामुळं न्हाय, तुझ्या बोंबलण्यानं गेला त्यो."

अशा वेळी भांडण शोभते का, पण झाले. कृष्णातने पुन्हा हात जोडले. इंग्रजी गाणी परत वाजवू म्हणाला, काळे टी-शर्ट घालू म्हणाला, केस वाढवू म्हणाला. काकांनी त्याच्या टकलाकडे बघितले. "मेल्या माणसापुढं तरी खोटं बोलू नगंस." शेजारच्या पावण्यांनाही राहवेना. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने विचारले, "पावणं, त्यांचं कुणाशी वाकडं हुतं का?"

आई खाली बघतच म्हणाली, "पृथ्वीराज."

मी चारचौघांत बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. स्टेजवर सगळ्यांची ओळख करून देताना दादासुद्धा मला विसरायचा. पण आता आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्याकडे बघवत नव्हते. मी पुढे झालो, डोळे मिटले आणि म्हणालो, "दादा, पृथ्वीराज येईल. गाईल. नाव बदलणार नाही." (शेवटचे माझ्या तोंडून कसे आले मलाही कळले नाही.) पंखांचा आवाज झाला. डोळे उघडले तर कावळा पानात होता. आई उठली आणि तिथेच तांब्याभर पाणी प्यायली. ज्ञानूने मान खाली घातली. मी रडलो नाही, पण चष्मा पुसावा लागला.

असे सगळे झाले. तुझ्यावर कसलेही बंधन नाही. नोकरीची अडचण असेल तर आम्ही समजून घेऊ. घरी सर्वांनी जपून राहा.

तुझा,
जोतीराम

ता. क. : बंधन नाही असे वर लिहिले ते रीत म्हणून. तेरावे झाले की येणाऱ्या रविवारी ये. आमच्या मागच्या खोलीत जमू. कृष्णातने मेहुण्याचा ड्रमसेट मागून आणला आहे आणि आईने गल्लीत सांगूनही टाकले आहे. एकच गाणे म्हण. इंग्रजी असले तरी चालेल.

आणखी एक ता. क. : पत्र बंद करणार इतक्यात कृष्णात येऊन गेला. मी डोळे मिटून बोलत होतो तेव्हा त्याने शेजारच्या पावण्यांच्या पानातला मटणाचा तुकडा उचलून आपल्या पानात टाकला होता. तो कावळा इतका वेळ बघत होता तोही त्यांच्याच पानाकडे. म्हणजे माझ्या शब्दाला आता कावळ्याचा आधार राहिला नाही. मी बराच विचार केला. शब्द तरीही दिलेलाच आहे.

शेवटचा ता. क. : आईला हे सांगावे की नाही या विचारात होतो, तर तिनेच तांदूळ निवडता निवडता विचारले, "कृष्णातनं मटण टाकलं ते लिव्हलंस व्हय पत्रात?" मी हो म्हणालो. म्हणाली, "मला काय दिसलं न्हाय व्हय? खोड ते. न्हायतर त्यो यायचा न्हाय." मी खोडले आहे असे तिला सांगितले आहे. तेव्हा वरचा मजकूर खोडला आहे असे समजून ये.