अंगणातली माती मुलीला

मी, खाली सही करणारी, जन्मभर शिवणकाम करून संसार चालवलेली बाई, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. दबाव टाकणारे आहेत, पण त्यांचं माझ्यापुढे काही चालत नाही.

कलम एक. राहतं घर मुलाला. त्याला ते विकायचं आहे, मला ठाऊक आहे. खुशाल विकावं. शिलाई मशीन सुनेला. तिचा हात माझ्याहून सफाईदार आहे.

कलम दोन. मागच्या अंगणातली माती, खाली मुरूम लागेपर्यंत, मुलीला. घर विकण्याआधी तिने ती उचलून न्यावी आणि मुलाने आडकाठी करू नये. वकील म्हणाले, जमीन एकाला आणि माती दुसऱ्याला, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, "जमीन विकत घेतली होती. माती मी केलीय." मग त्यांनीच हे कलम नीट बसवून दिलं.

आम्ही राहायला आलो तेव्हा तिथे नुसता राडारोडा होता. धाकटे दीर म्हणाले, फरशी घालून टाका वहिनी, इथे तणसुद्धा धरणार नाही. मी पहार घेतली आणि विटांचे तुकडे उपसले. गोठ्यातलं शेण, रस्त्यावरचा पाचोळा, भाजीची सालं खड्ड्यात कुजवून पसरली. तरी पहिली वांगी पिवळी पडून गेली. मग हिरवळीचं खत व्हावं म्हणून ताग पेरला आणि फुलावर आल्यावर तिथेच गाडला. पेरलेलं गाडते म्हणून गल्ली हसली.

त्याच सुमारास मुलगी सासर सोडून कायमची परत आली. जेवायची, पण बोलायची नाही. मीही विचारलं नाही. एका सकाळी तिने आपणहून कुदळ उचलली आणि खताचा ढीग खालवर करू लागली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आई, गांडुळं आलीत बघ."

तिथून ती बोलायला लागली. आज ती स्वतःच्या घरात राहते, नोकरी करते, कुणाची मिंधी नाही. तिच्या दारापुढे मात्र नुसता मुरूम आहे.

कलम तीन. पहार दिरांना. त्या अंगणातली वांगी त्यांनी पिशव्या भरभरून नेली आणि पाहुण्यांना "आमच्या घरची" म्हणून वाढली. त्यांनी आता स्वतःच्या दारची फरशी उखडावी.

कलम चार, मुलीसाठी. माती ओली असताना उचलू नकोस, ढेकळं होतील. आधी तिथला मुरूम खणून सैल कर. वर पाचोळ्याचं पांघरूण घाल. पहिल्या वर्षी फळाची घाई नको. तिला नव्या जागी रुळू दे. तुला जमेल. माझ्यापेक्षा बरं जमेल.

ठिकाण: मागचं अंगण. दिनांक: २ मार्च.
साक्षीदार: समोरचे बेकरीवाले, आमच्या डॉक्टरीणबाई.
सही: माझी. शेजारचा डाग मातीचा आहे, खाडाखोड समजू नये.